१६ इंची फ्लोअर टॉम त्याच एका लगवर पुन्हा पुन्हा उतरतो : जुन्या फायबरग्लास किटचं दुखणं

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे की दुसरं ते कळेल.

१९७० च्या दशकातलं फायबरग्लासचं पाच नगांचं ड्रम किट आहे. मापं इंचांत: २२ चा बेस, १२ आणि १३ चे टॉम, १६ चा फ्लोअर टॉम, १४ चा स्नेअर. हातात आलं तेव्हा धुळीने माखलेलं होतं, अर्धे वॉशर गायब होते आणि स्क्रूंवर गंज होता. सगळं सुटं केलं, धुतलं, क्रोम चमकवलं, नवीन हेड (वाजवायचे पडदे) घातली आणि जोडलं. चार ड्रम शहाण्यासारखे वागले. फ्लोअर टॉमने मात्र पहिल्या दिवसापासून छळ मांडला. त्याला आठ लग आहेत, म्हणजे शेलवर (ड्रमच्या नळकांड्यावर) स्क्रूने बसवलेले धातूचे ठोकळे. हेड दाबून धरणारं रिंगण म्हणजे हूप, आणि त्याला खाली ओढणारे रॉड या लगमध्ये आवळले जातात. त्यातल्या पायाच्या ब्रॅकेटशेजारच्या लगपाशी, ज्याला मी ३ नंबर म्हणतो, तासभर वाजवलं की हेडला बारीकशी सुरकुती यायची. ड्रम की (रॉड फिरवायची किल्ली) लावून पाऊण फेरा आवळला की सूर परत जागेवर. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

सगळे करतात तेच मीही केलं. आधी जास्त आवळलं. मग हेड बदललं. मग रॉड फिरू नये म्हणून लग-लॉक बसवले. आणि इथेच खरा धागा मिळाला, पण तो माझ्या लक्षात यायला आणखी दोन आठवडे गेले: लग-लॉक लावूनही सूर उतरला.

रॉडवर रेघ मारा

हे एकच काम आधी केलं असतं तर एका हेडचे पैसे वाचले असते. सूर लावून झाला की पक्क्या मार्करने प्रत्येक रॉडच्या डोक्यावरून हूपवर येणारी सरळ रेघ मारायची. मग नेहमीसारखं वाजवायचं. सूर उतरला की रेघ बघायची.

रेघ तुटली असेल, म्हणजे डोक्यावरचा भाग आणि हूपवरचा भाग समोरासमोर नसतील, तर रॉड फिरतोय. त्यावर उपाय सोपे आहेत: लग-लॉक, रॉडखाली नायलॉनचा वॉशर, आटे झिजले असतील तर नवा नट. तुमचं दुखणं एवढंच असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

रेघ जागच्या जागी आणि सूर मात्र खाली, असं असेल तर रॉड निर्दोष आहे. कुठेतरी दुसरं काहीतरी ताण सहन न होऊन सरकतंय किंवा दबतंय. कितीही आवळा, ते तेवढंच आणखी दबणार. माझी रेघ केसभरही हलली नव्हती.

एक सावधगिरी. नवं हेड पहिले एक-दोन दिवस ताणलं जातं आणि सूर उतरतोच, पण तो सगळ्या लगवर साधारण सारखा उतरतो. हेड चढवल्यावर मधोमध तळव्याने दाबून बसवलं आणि पुन्हा सूर लावला की हा प्रकार आटोपतो. फक्त एकच लग उतरत असेल तर तो दोष हेडच्या ताणाचा नाही.

दोष कुणाबरोबर फिरतो?

आता हेड, हूप, रॉड आणि शेल या चार संशयितांना वेगळं करायचं. शेलवर, हेडच्या कड्यावर आणि हूपवर ३ नंबरच्या जागी मास्किंग टेपचा तुकडा लावून आकडा लिहून ठेवा. मग एका वेळी एकच गोष्ट हलवायची.

आधी फक्त हेड एका लगने पुढे सरकवा. सुरकुती हेडबरोबर ४ वर गेली, तर हेडचं कडं वाकडं आहे. नाही गेली, तर हेड पूर्ववत करून हूप सरकवा. सुरकुती हूपमागे गेली तर हूप वाकलेला आहे. जाड काचेवर ठेवून बोटाने दाबलात तर तो टकटक डुलतो. तरीही ती ३ वरच असेल तर ३ आणि ७ चे रॉड अदलाबदल करा. प्रत्येक वेळी सूर लावा, वाजवा, एक रात्र जाऊ द्या. चार दिवस जातात, कंटाळा येतो, पण दोन गोष्टी एकदम बदलल्यात तर काहीच कळणार नाही. मी एकदा घाईत हेड आणि हूप दोन्ही फिरवले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

रॉड बदलताना आटे जरूर तपासा. बहुतेक ड्रमचे रॉड १२-२४ या मापाचे असतात: व्यास साधारण ५.५ मिलिमीटर आणि एका इंचात २४ आटे. पण काही युरोपीय ड्रमवर, उदाहरणार्थ सोनोरवर, ६ मिलिमीटरचे मेट्रिक रॉड येतात. जुन्या किटमध्ये मागच्या मालकाने जे मिळेल ते कोंबलेलं असतं. मेट्रिक नटात १२-२४ चा रॉड सहज शिरतो, हाताला जरासा सैल लागतो, आणि दोन-चार फेऱ्यांनंतर आवळल्यासारखाही वाटतो. प्रत्यक्षात त्याने आट्यांचं फक्त टोक धरलेलं असतं. ताण आला की निसटतो. दोन रॉड शेजारी ठेवून आट्यांत आटे बसवून उजेडात धरले की फरक लगेच दिसतो.

माझी सुरकुती कशानेही हलली नाही. म्हणजे दोष शेलमध्ये किंवा लगमध्ये होता.

शेलची धार: संशय रास्त, पण गुन्हेगार ती नाही

शेल म्हटलं की सगळ्यांचं बोट आधी बेअरिंग एजकडे, म्हणजे हेड जिथे टेकतं त्या धारेकडे जातं. तपासणी सोपी आहे. अंधाऱ्या खोलीत शेल जाड काचेवर उलटं ठेवायचं, आत टॉर्च लावायचा आणि बाहेरून धारेभोवती डोळा फिरवायचा. उजेडाची फट दिसली की तिथे धार खाली आहे. माझ्या शेलमध्ये ३ नंबरजवळ कागद जेमतेम सरकेल इतकी फट होती. मला वाटलं, चोर सापडला.

नव्हता सापडला. धार खाली असेल तर त्या जागी सूर *लागत* नाही, किंवा लावायला बाकीच्यांपेक्षा जास्त फेरे लागतात. पण एकदा लागलेला सूर धारेमुळे *उतरत* नाही. धार एका रात्रीत झिजत नाही ना! हा फरक मला उशिरा कळला. तोवर मी काचेवर १२० चा पॉलिश पेपर चिकटवून शेल गोल गोल घासलं होतं आणि फट बुजवली होती. धार छान झाली, आवाजही सुधारला, सूर मात्र रोज उतरतच राहिला.

शेल गोल आहे का हेही एकदा मोजून घ्या. समोरासमोरच्या लगमधलं अंतर चारही जोड्यांत मोजायचं. एक-दीड मिलिमीटर इकडेतिकडे असेल तर चालतं. फायबरग्लासचं शेल हूप काढल्यावर थोडं लवचिक असतं, म्हणून ते सपाट जागेवर मोकळं ठेवूनच मोजा, मांडीवर घेऊन नाही. हेड शेलवर अलगद बसलं पाहिजे, ओढून-दाबून नाही. वरून नंतर चिकटवलेली सजावटीची शीट धारेपर्यंत आलेली असेल तर तिथे हेड अडकतं आणि सूर वेडावाकडा लागतो.

नाण्याची टकटक

शेवटी माझ्या ओळखीचे एक काका, जे फायबरच्या होड्या दुरुस्त करतात, त्यांच्याकडे शेल घेऊन गेलो. त्यांनी खिशातून एक नाणं काढलं आणि त्याच्या कडेने शेलवर टकटक करत गोल फिरले. टक, टक, टक, टक… आणि ३ नंबरच्या लगखाली आवाज बदलला. आधी खणखणीत होता तो तिथे थबकल्यासारखा, मऊ झाला. "इथे आतून सुटलंय," काका म्हणाले. "लग काढून बघितलास का रे?"

नव्हता काढला. बाकी सगळं काढलं होतं.

लग काढला तेव्हा चित्र स्पष्ट झालं. बाहेरून लगच्या वरच्या काठाखाली गेलकोटला, म्हणजे शेलच्या बाहेरच्या चकचकीत थराला, चांदणीसारखे तडे गेले होते. कुणीतरी ते लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारून झाकलेले. खालच्या स्क्रूचं भोक गोल राहिलं नव्हतं, लांबट अंडाकृती झालं होतं. आणि आतल्या बाजूला त्या स्क्रूखाली छोटासा सपाट वॉशर भिंतीत रुतून बसला होता. नखाने उचकटला तेव्हा त्याखाली पांढरा पडलेला, चिरडलेला फायबरचा भुगा होता.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण उपाय त्यातूनच निघतो. टेन्शन रॉड शेलला चिकटलेला नसतो. तो भिंतीपासून एखाद-दोन सेंटिमीटर बाहेर असतो. तो लगला वर खेचतो तेव्हा लग नुसता वर सरकू पाहत नाही, तो कलंडू पाहतो. त्याचा वरचा काठ शेलमध्ये रुततो आणि खालचा स्क्रू बाहेरच्या दिशेने ओढला जातो. म्हणून चांदणी वरच्या काठाखाली उगवते आणि आतला वॉशर खालच्या स्क्रूचा रुततो. दोन्ही खुणा एकाच दुखण्याच्या.

लाकडी शेलमध्ये हे इतक्या लवकर होत नाही, कारण आतली भिंत गुळगुळीत असते आणि वॉशर पूर्ण टेकतो. फायबरग्लासचं शेल साच्यावर बनतं. साच्याला लागलेली बाजू आरशासारखी असते, दुसरी बाजू खडबडीत राहते. बऱ्याच शेलची आतली बाजू अशी खडबडीत असते. त्यावर सपाट वॉशर ठेवला की तो दोन-तीन उंचवट्यांवरच टेकतो. सगळा ताण त्या ठिपक्यांवर येतो, ते चिरडतात, वॉशर केसभर आत जातो, लग केसभर कलंडतो आणि हेड सैल होतं. मग आपण की घेऊन आवळतो आणि पुढचे उंचवटे चिरडतो. माझा रोजचा पाऊण फेरा कुठे जात होता ते आता कळलं.

सगळी फायबरग्लास किट एका जातीची नसतात, हेही इथेच सांगतो. फाइब्ज या अमेरिकन कंपनीने १९६० च्या दशकात फायबरग्लासचे ड्रम काढले. पर्लने १९७० च्या दशकात निव्वळ फायबरग्लासची आणि लाकडाला फायबरग्लासची जोड दिलेली, अशी दोन्ही प्रकारची शेल विकली. नॉर्थ ड्रम्सचे टॉम तर कर्ण्यासारखे पुढे वळलेले, खालचं हेडच नसलेले. लाकूड-फायबरग्लास असेल तर आधी बघा, थर सुटलाय तो लाकडाचा की काचेचा. आणि पारदर्शक, रंगीत किट असेल तर थांबा: ते बहुधा ॲक्रिलिक असतं, उदाहरणार्थ १९७२ मध्ये आलेलं लडविगचं व्हिस्टालाइट. त्यावर ॲसिटोन लावलात तर बारीक चिरांचं जाळं पडतं आणि ते परत निघत नाही. पुढची सगळी कृती फायबरग्लाससाठीच आहे.

दुरुस्ती

धूळ हा यातला खरा धोका. घासलेल्या काचेचे कण श्वासावाटे आत गेले की त्रास देतात. बारीक धूळ अडवणारा चांगला मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा. आणि शक्य तिथे पाणी लावून ओलं घासायचं. नंतर खाज सुटलीच तर गार पाण्याने धुवा, चोळू नका.

आधी साबणपाण्याने आणि मग ॲसिटोनने जागा पुसा. पॉलिशचा मेणचट थर राहिला आणि तुम्ही त्यावरच घासायला लागलात, तर ते मेण आत दाबलं जातं आणि रेझिन (काचतंतूंना घट्ट बांधणारं रसायन) धरत नाही. पुसणं आधी, घासणं नंतर.

आतल्या बाजूने भुगा झालेला भाग घट्ट, निरोगी फायबर लागेपर्यंत ८० च्या पेपरने काढून टाका. भोकाभोवती चारही बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर जागा खरवडून घ्या, कडेकडे उतरती करत. बाहेरच्या तड्यांवर नुसती लांबी फासू नका. प्रत्येक तडा टोकदार हत्याराने व्ही आकारात उघडा, अगदी त्याच्या टोकापर्यंत. अर्धवट उघडलेला तडा पुढे सरकतोच. मागच्या मालकाची लांबी त्यामुळेच फुटली होती.

रेझिन कोणतं, यावर वाद घालणारे खूप आहेत. माझं मत स्पष्ट आहे: अशा छोट्या, ताणाच्या जागी एपॉक्सी. जुनी शेल बहुतेक पॉलिएस्टरची असतात, पण घट्ट झालेल्या पॉलिएस्टरवर एपॉक्सी नव्या पॉलिएस्टरपेक्षा चांगलं धरतं आणि आकसतंही कमी. मात्र एपॉक्सीबरोबर विणलेलं ग्लासक्लॉथच वापरा. सुट्या तंतूंची चटई असते ना, तिच्यातला डिंक साधारणपणे पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळावा म्हणून घातलेला असतो. एपॉक्सीत स्टायरीन नसतं, चटई ताठच राहते आणि तिच्यात हवेचे खिसे राहतात.

हार्डनरचं (एपॉक्सी घट्ट करणाऱ्या घटकाचं) प्रमाण डब्यावर लिहिलं असेल तेच ठेवा, वजन करून. पॉलिएस्टरमध्ये कॅटॅलिस्ट एक-दोन टक्क्यांत थोडा कमीजास्त करता येतो, ती सवय एपॉक्सीला लावू नका. मी एकदा "लवकर वाळेल" म्हणून हार्डनर सढळ हाताने ओतला. तीन दिवसांनीही ते च्युइंगगमसारखं होतं. सगळं खरवडून पुन्हा केलं.

लांबट झालेलं भोक एपॉक्सीत बारीक कापलेले काचतंतू कालवून पूर्ण भरलं. आतून ग्लासक्लॉथचे दोन तुकडे लावले, एक लहान, एक त्याहून थोडा मोठा, ब्रशने टोचून टोचून हवा काढत. चोवीस तासांनी घासून सारखं केलं. पृष्ठभागावर कधी कधी तेलकट थर येतो. तो आधी पाण्याने घासून धुवायचा, मगच पेपर लावायचा. बाहेरच्या तड्यांतही एपॉक्सीच भरलं आणि वर जुळता रंग मारला. एपॉक्सीवर पॉलिएस्टरचा गेलकोट नीट धरत नाही, म्हणून त्या वाटेला गेलो नाही. रंग जवळून पाहिलं तर थोडा वेगळा दिसतो. लगखाली झाकला जातो, मला चालतं.

नवं भोक पाडताना दोन्हीकडे मास्किंग टेप, आतून लाकडाचा ठोकळा, आधी २ मिलिमीटरचं मार्गदर्शक भोक. मोठं ड्रिल बाहेरून उलट्या दिशेने फिरवत गेलकोट पार करायचा, मग सरळ. गेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, त्यात काचतंतू नाहीत, म्हणून तो टवका उडून फुटतो. भोक स्क्रूपेक्षा किंचित मोठं ठेवा आणि बाहेरची कड हाताने जराशी तासा. भोकाच्या तीक्ष्ण कडेवरूनच पुढच्या चांदणीला सुरुवात होते.

आता या सगळ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम: वॉशरसाठी बैठक. एपॉक्सीत सिलिका पावडर घालून घट्ट, चटणीसारखं मिश्रण करा आणि आत भोकाभोवती लिंपा. २० ते २५ मिलिमीटरचा रुंद वॉशर आणि स्क्रू दोन्हींना मेण लावा, म्हणजे चिकटणार नाहीत. लग जागेवर ठेवा, स्क्रू फक्त बोटाने फिरवा, इतकाच की वॉशर मिश्रणात बसेल. कडेने बाहेर आलेलं पुसून घ्या आणि एक दिवस हातही लावू नका. दुसऱ्या दिवशी वॉशर काढलात तर खाली त्याच्याच मापाची गुळगुळीत, सपाट खळगी दिसेल. वॉशर आता दोन-तीन ठिपक्यांवर नाही, संपूर्ण टेकतो.

बाहेर लगखाली पातळ, कडक गॅस्केट. मऊ रबर नको. ते स्वतःच दबतं आणि मग सूर उतरायचं नवं कारण तयार. अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचं घट्ट चामडं किंवा फायबर शीट पुरते.

बैठक मी त्या ड्रमच्या आठही लगखाली केली, फक्त ३ नंबरला नाही. बाकी सात ठिकाणीही वॉशर थोडे रुतायला लागले होते. इतर ड्रम मात्र उघडले नाहीत. जे नीट चाललंय ते उगाच खोलण्याच्या मी विरुद्ध आहे.

जोडताना लगचे स्क्रू माफक आवळायचे. इथे जोर दाखवलात तर वर केलेलं सगळं पाण्यात. लग उघडे आहेतच तर आतल्या स्प्रिंगभोवती फोमचा छोटा तुकडा घाला, जुन्या स्प्रिंगची झिणझिण थांबते. एपॉक्सीला पूर्ण ताकद यायला आठवडाभर द्या. तोपर्यंत हेड चढवलं तरी पूर्ण ताणू नका. रॉड आधी सगळे बोटाने, मग समोरासमोर अर्धा-अर्धा फेरा.

मी पुन्हा मार्करने रेघा मारल्या. पहिल्या आठवड्यात लगचे स्क्रू एकदा तपासले. दोन स्क्रूंना पाव फेरा बसला. त्यानंतर तीन आठवडे रोज वाजवतोय. ३ नंबरची रेघ जागेवर आहे आणि या वेळी सूरही. फक्त परवा नाणं घेऊन १३ च्या टॉमभोवती सहज टकटक करत फिरलो, तर होल्डरच्या ब्रॅकेटखाली आवाज जरा मऊ लागला. तिथे टेपवर १ लिहून ठेवलंय.